धर्म हे कारण की निमित्त? राज्यशास्त्रातले संशोधन नेमके काय सांगते

प्रश्न थोडक्यात असा: ‘धर्म आणि लोकशाही’ या विषयावर प्रबंध करायचा आहे, वाचन सुरू झाले आहे, पण वाचावे तितका गोंधळ वाढतो. एक अभ्यासक म्हणतो, धर्म हे नुसते निमित्त, खरा खेळ सत्तेचा आणि पैशाचा. दुसरा म्हणतो, धर्म वगळला तर राजकारण कळणारच नाही. मग राज्यशास्त्राची मान्य भूमिका कोणती? आणि स्वतः श्रद्धाळू असलेल्याने हा विषय घ्यावा का?

मी बरीच वर्षे हाच विषय शिकवत आले आहे आणि दरवर्षी कुणी ना कुणी हे विचारतेच. सर्वांना मान्य अशी एक भूमिका नाही. पण गेल्या तीसेक वर्षांतले चांगले संशोधन पाहिले तर एक गोष्ट ठामपणे सांगता येते. ‘धर्माचा राजकारणावर परिणाम होतो का?’ असा ढोबळ प्रश्न त्यात कुणी विचारत नाही. धर्मातली कोणती गोष्ट परिणाम करते, हे विचारले जाते. श्रद्धा? संघटना? ‘आपण अमुक’ ही ओळख? की आठवड्याला एकत्र जमण्याची सवय? एकाच माणसात या चारही गोष्टी असतात, पण राजकारणात त्या वेगवेगळ्या दिशांना ओढतात. ज्या लेखनात त्यांची गल्लत झाली आहे ते कितीही गाजलेले असो, जपून वाचा. तुमच्या गोंधळाचे मूळ बहुतेक याच गल्लतीत आहे.

आधी हा विषय इतका काळ बाजूला का पडला ते पाहू. राजकीय विचारांच्या मूळ ग्रंथांत धर्म मध्यभागी होता. इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्जचा १६५१ सालचा ‘लेव्हायथन’ चार भागांचा आहे, आणि त्यातले शेवटचे दोन भाग धर्मग्रंथ, चर्च आणि धर्मगुरूंची सत्ता यांवर आहेत. वर्गात मात्र बहुधा पहिले दोनच भाग शिकवले जातात. सामाजिक करार, म्हणजे लोकांच्या आपसांतल्या करारातून राज्य उभे राहते ही कल्पना, समजते, पण यादवीने होरपळलेल्या इंग्लंडमध्ये धर्मवचनाचा अर्थ लावण्याचा अधिकार शेवटी कुणाचा, हा हॉब्जला छळणारा प्रश्न सुटून जातो. दुसरा इंग्रज तत्त्वज्ञ लॉक याने १६८९ मध्ये धार्मिक सहिष्णुतेची बाजू मांडली, पण निरीश्वरवाद्यांना त्यातून वगळले, कारण त्यांच्या शपथेवर विश्वास ठेवता येणार नाही असे त्याला वाटत होते. फ्रेंच विचारवंत तोकव्हिलने १८३५ मध्ये लिहिले की अमेरिकेत धर्म सरकारमध्ये थेट भाग घेत नाही, तरीही त्याला तिथली पहिली राजकीय संस्था मानावे लागेल. हे वाक्य मी विद्यार्थ्यांना पुन्हा पुन्हा वाचायला लावते. सरकारबाहेर राहूनही राजकीय असणे म्हणजे काय, हा पुढच्या बऱ्याच संशोधनाचा प्रश्न त्यात आधीच आला आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र बदलले. आधुनिकीकरणाच्या सिद्धांताने असे धरून चालायला शिकवले की शहरे, शाळा, कारखाने आणि वर्तमानपत्रे वाढली की धर्म आपोआप मागे सरेल. जे मागेच सरणार आहे त्याचा अभ्यास कशाला करायचा? समाजशास्त्रज्ञ पीटर बर्गर यांनी १९६८ मध्ये भाकीत केले होते की एकविसाव्या शतकापर्यंत श्रद्धाळू माणसे छोट्या छोट्या पंथांपुरती उरतील. १९९९ मध्ये त्यांनीच हे मत उघडपणे मागे घेतले. या काळातला एक मोठा अपवाद म्हणजे लिप्सेट आणि रोक्कान यांचे १९६७ चे काम. युरोपातले पक्ष ज्या जुन्या फुटींवर उभे आहेत त्यांत चर्च विरुद्ध राज्य ही एक प्रमुख फूट आहे, असे त्यांनी दाखवले. पण तिथेही धर्म येतो तो गोठलेल्या इतिहासाच्या रूपात. तो आज काही करतो आहे, असे त्यातून जाणवत नाही.

मग १९७९ उजाडले. फेब्रुवारीत इराणमध्ये शहाची राजवट कोसळली. जूनमध्ये पोप जॉन पॉल दुसरे पोलंडला गेले आणि साम्यवादी सरकारच्या डोळ्यांदेखत लाखोंची गर्दी जमली. पुढच्याच वर्षी तिथे ‘सॉलिडॅरिटी’ ही सरकारच्या ताब्याबाहेरची कामगार संघटना उभी राहिली. जुलैमध्ये निकाराग्वात क्रांती झाली, तिच्यात कॅथलिक पाद्री सामील होते आणि काही जण पुढे मंत्रीही झाले. त्याच वर्षी अमेरिकेत ‘मॉरल मेजॉरिटी’ ही उजव्या ख्रिस्ती मतदारांची संघटना स्थापन झाली. चार देश, चार निरनिराळ्या दिशा. एक धर्मसत्तेकडे, एक हुकूमशाहीच्या विरोधात, एक डावीकडे, एक उजवीकडे. ‘धर्म परत आला’ एवढे म्हणून यातले काहीच उलगडत नाही, आणि ‘धर्म हे निमित्त’ म्हणूनही नाही.

या गोंधळाला पहिली शिस्त लावली होसे कासानोव्हा यांनी, १९९४ मध्ये. धर्म ओसरतो या एका दाव्यात तीन दावे मिसळले आहेत, असे त्यांनी दाखवले. पहिला, राज्य, बाजार, विज्ञान ही क्षेत्रे धर्मापासून वेगळी होतात. दुसरा, लोकांची श्रद्धा कमी होते. तिसरा, धर्म घरात जाऊन बसतो, सार्वजनिक जीवनातून निघून जातो. यांतला पहिला बऱ्याच अंशी खरा ठरला. दुसरा पश्चिम युरोपात खरा, इतरत्र सरसकट नाही. तिसरा तर अजिबात अपरिहार्य नाही. तुमच्या संदर्भसूचीतले दोन लेखक एकमेकांच्या विरोधात बोलताना दिसले, तर ते या तिघांपैकी कोणत्या दाव्यावर बोलत आहेत ते आधी पाहा. निम्मी भांडणे तिथेच मिटतात.

अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ सॅम्युअल हंटिंग्टन यांच्याबद्दल तुम्हाला विचारले जाईलच. यापुढचे संघर्ष धर्मावर उभ्या असलेल्या संस्कृतींमध्ये होतील, असे सांगणारा ‘संस्कृतींच्या संघर्षा’चा १९९३ चा लेख आणि १९९६ चे पुस्तक सर्वांना ठाऊक असते. नंतर आकडेवारी तपासणाऱ्यांना त्या मांडणीला फारसा आधार सापडला नाही, त्यामुळे तिथे रेंगाळू नका. देशोदेशी लोकशाही आली त्या तिसऱ्या लाटेवरचे त्यांचे १९९१ चे ‘थर्ड वेव्ह’ मात्र जरूर वाचा. लोकशाहीच्या वाटेतला अडसर मानले जाणारे कॅथलिक चर्च १९६२ ते १९६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे जगभरच्या बिशपांनी चर्चची धोरणे बदलली त्या सभेनंतर, अनेक देशांत हुकूमशाहीच्या विरोधात उभे राहिले, असे ते त्यात सांगतात. म्हणजे एका पुस्तकात धर्माची राजकीय भूमिका काही वर्षांत पालटते आणि दुसऱ्यात ती शतकानुशतके तशीच राहते. मला ‘थर्ड वेव्ह’ अधिक पटते.

पण चर्च बदलले ते सगळीकडे सारखे बदलले का? इथून खरे संशोधन सुरू होते. चिलीमध्ये लष्करी हुकूमशहा पिनोशेच्या राजवटीत चर्चने १९७६ मध्ये स्वतःचे मानवाधिकार कार्यालय उघडले, बेपत्ता झालेल्यांच्या घरच्यांना वकील दिले, अत्याचारांच्या नोंदी ठेवल्या. त्याच १९७६ मध्ये शेजारच्या अर्जेंटिनात लष्कराने सत्ता घेतली आणि तिथले बहुतेक बिशप गप्प राहिले, काहींनी लष्कराला साथही दिली. धर्म तोच, पोप तोच, परिषदेचे ठराव तेच. फरक कुठून आला?

अँथनी गिल यांनी १९९८ मध्ये याचे उत्तर स्पर्धेत शोधले. जिथे प्रोटेस्टंट पंथ गरीब वस्त्यांमध्ये वेगाने पसरत होते तिथे कॅथलिक चर्चला गरिबांचा विश्वास टिकवायचा होता, आणि गरिबांना छळणाऱ्या सरकारशी दोस्ती परवडणारी नव्हती. जिथे स्पर्धा नव्हती तिथे जुने संबंध तसेच चालू राहिले. चिली आणि ब्राझील पहिल्या गटात, अर्जेंटिना दुसऱ्या गटात. या मांडणीवर जोरदार टीका झाली. बिशपांची वैचारिक घडण कुठे गेली, सामान्य श्रद्धाळूंच्या चळवळींचा दबाव कुठे गेला, असे टीकाकार विचारतात. टीका रास्त आहे. तरी मी हे पुस्तक विद्यार्थ्यांना आधी देते, कारण ते चुकीचे ठरवता येईल अशा रीतीने लिहिलेले आहे. स्पर्धा कमी असूनही चर्च विरोधात गेले असा देश दाखवा, आणि सिद्धांताला धक्का बसतो. तुमच्या प्रबंधाकडून मला हीच अपेक्षा आहे.

याला जोडूनच स्टॅथिस कॅलिव्हास यांचे युरोपातल्या ख्रिस्ती लोकशाही पक्षांवरचे १९९६ चे पुस्तक वाचा. आपण सहज समजतो की चर्चने स्वतःचे पक्ष काढले. कॅलिव्हास सांगतात की चर्चला पक्ष नकोच होते. एकोणिसाव्या शतकात उदारमतवादी सरकारांनी शाळांवरचा चर्चचा ताबा काढायला सुरुवात केली. बेल्जियममध्ये १८७९ चा शाळा कायदा आला. चर्चने बचावासाठी सामान्य श्रद्धाळूंच्या संघटना उभ्या केल्या, १८८४ च्या निवडणुकीत कॅथलिकांचा विजय झाला, आणि मग त्या संघटनांतल्या पुढाऱ्यांच्या लक्षात आले की आपली ताकद मतांवर उभी आहे, बिशपांच्या आशीर्वादावर नाही. पक्ष चर्चच्या हातातून निसटले, आणि जास्त मते हवीत म्हणून त्यांनी धर्माची भाषाही हळूहळू सौम्य केली. धर्मातून जन्मलेला पक्ष धर्मसंस्थेपासून कसा तुटतो, हे इतके बारकाईने क्वचितच कुणी दाखवले आहे. पुढे इस्लामी पक्ष निवडणुकांत उतरले तेव्हा ते मवाळ होतील का, या वादात हीच चर्चा पुन्हा उपयोगी पडली. निकाल देशागणिक वेगळे निघाले, कारण युरोपातल्या पक्षांना निवडणूक जिंकल्यावर सत्ता मिळत होती. प्रत्येक ठिकाणी तसे नव्हते.

श्रद्धा किती आहे यावरून चर्चची राजकीय ताकद मोजता येते का? इटली आणि आयर्लंड हे दोन्ही देश जवळजवळ पूर्ण कॅथलिक. घटस्फोटाचा प्रश्न सार्वमताला टाकला गेला तेव्हा इटलीत १९७४ मध्ये सुमारे ५९ टक्के मतदारांनी चर्चचा विरोध झुगारून घटस्फोटाचा कायदा राखला. आयर्लंडमध्ये १९८६ मध्ये सुमारे ६३ टक्के मतदारांनी घटस्फोटाला नकार दिला. ॲना ग्झिमाला-बुसे यांनी २०१५ च्या पुस्तकात अशाच जोड्या लावल्या आहेत. त्यांचे म्हणणे असे की जिथे राष्ट्र आणि धर्म लोकांच्या मनात एकजीव झालेले असतात, तिथे चर्चला एक नैतिक वजन मिळते, आणि त्या वजनावर ते मंत्रालयांत, समित्यांत, घटनेच्या मसुद्यात थेट शिरकाव मिळवते. पक्षांशी युती करणाऱ्या चर्चपेक्षा शांतपणे आत शिरलेले चर्च जास्त मिळवते. पोलंडमध्ये १९९० मध्ये शाळांत धर्मशिक्षण परतले आणि १९९३ मध्ये गर्भपातावर कडक कायदा आला, तोही बहुमताचे लोकमत तितके कडक नसताना. इथे काम करणारी गोष्ट श्रद्धा नाही, संस्था आणि ओळख आहे.

आता व्यक्तीच्या पातळीवर या. सर्वेक्षणात विचारतात, तुम्ही किती वेळा प्रार्थनेला जाता? १९९३ मध्ये अमेरिकेत तीन संशोधकांनी लोक सांगतात ते आकडे आणि प्रत्यक्ष मोजलेली उपस्थिती ताडून पाहिली, तर प्रत्यक्ष उपस्थिती सांगितलेल्याच्या जवळजवळ निम्मी निघाली. लोक खोटारडे होते असे मी म्हणणार नाही. ‘मी जाणाऱ्यांतला आहे’ असे ते सांगत होते, म्हणजे वर्तनाच्या प्रश्नाला ओळखीचे उत्तर देत होते. सर्वेक्षणाच्या आकड्यांवर काम करणार असाल तर हे सतत डोळ्यांसमोर ठेवा.

दुसरा धोका अधिक खोल आहे. धार्मिक लोक अमुक पक्षाला मत देतात, म्हणून धर्मामुळे मत ठरते असे आपण धरतो. मिशेल मार्गोलिस यांनी २०१८ मध्ये अमेरिकेबाबत उलट दिशाही दाखवली. तरुणपणी बरेच जण चर्चपासून दूर जातात आणि राजकीय ओळख नेमकी त्याच वयात पक्की होते. पुढे लग्न झाले, मुले झाली की परत यायचे की नाही हा प्रश्न येतो, आणि तेव्हा रिपब्लिकन असलेले जास्त परततात, डेमोक्रॅट कमी. म्हणजे राजकारण धर्म ठरवते आहे. कोणताही धर्म नाही असे सांगणाऱ्या अमेरिकनांची वाढ ही अंशतः उजव्या धार्मिक राजकारणावरची प्रतिक्रिया आहे, हेही २००२ पासूनच्या संशोधनात मांडले गेले आहे.

मग कारण-परिणाम वेगळे करायचे कसे? मला सर्वांत आवडणारे उदाहरण पाकिस्तानातले आहे. हज यात्रेसाठी अर्ज जास्त आणि जागा कमी, म्हणून सरकार सोडत काढते. तीन अर्थशास्त्रज्ञांनी २००६ च्या हजसाठी अर्ज केलेल्या १,६०० हून अधिक जणांच्या मुलाखती यात्रेनंतर काही महिन्यांनी घेतल्या, आणि सोडतीत नाव आलेल्यांची तुलना न आलेल्यांशी केली. अर्ज दोघांनीही केला, इच्छा दोघांचीही होती, फरक फक्त चिठ्ठीचा. यात्रा करून आलेले लोक नमाज आणि उपवासात अधिक नियमित झाले होते, ताईत वगैरे स्थानिक प्रथा त्यांच्यात कमी झाल्या होत्या. त्याच लोकांमध्ये इतर वंश, इतर पंथ आणि इतर धर्मांबद्दल सहिष्णुता वाढली होती, मुलींच्या शिक्षणाबद्दलही अनुकूलता वाढली होती. धार्मिकता वाढली की असहिष्णुता वाढते, असे गृहीत धरणाऱ्यांना थांबून विचार करायला लावणारा हा निष्कर्ष आहे. मात्र त्याला ताणू नका. जगभरातल्या माणसांसोबत एका विधीत सामील होण्याचा हा परिणाम आहे. गावातल्या प्रवचनाचा परिणाम असाच असेल असे त्यातून निघत नाही.

हिंसेबद्दल दोन अभ्यास सांगते. रिचर्ड नील्सन यांनी २०१७ मध्ये अरबी भाषेत लिहिणाऱ्या मुस्लिम धर्मगुरूंचे लेखन संगणकाच्या साहाय्याने तपासले आणि त्यांच्या कारकिर्दीशी जोडून पाहिले. ज्यांना शिक्षकांच्या ओळखींतून सरकारी धर्मसंस्थांत नोकरी मिळाली ते जिहादी विचारांकडे कमी वळले. ज्यांच्या वाटा तिथे बंद झाल्या ते जास्त वळले. धर्मग्रंथ सगळ्यांनी तेच वाचले होते. हे वाचून ‘शेवटी नोकरीचाच प्रश्न’ असे म्हणायचा मोह होतो, म्हणून लगेच दुसरा अभ्यास. २००७ मध्ये जेरेमी गिंजेस, स्कॉट ॲट्रन आणि सहकाऱ्यांनी इस्रायली वसाहतवासी आणि पॅलेस्टिनी यांच्यापुढे कल्पित शांतता-करार ठेवले. जमीन किंवा पॅलेस्टिनी निर्वासितांचा आपल्या मूळ गावी परतण्याचा हक्क ज्यांना पवित्र वाटत होता, त्यांना करारासोबत पैसे देऊ केले तेव्हा त्यांचा संताप आणि हिंसेला असलेला पाठिंबा वाढला. समोरच्या बाजूनेही तिला पवित्र वाटणारी एखादी गोष्ट सोडली, तेव्हा तो कमी झाला. पैशाने सगळे सुटते असे मानणाऱ्या मांडणीत हे बसत नाही. म्हणून ‘कारण की निमित्त’ हा पर्याय मी विद्यार्थ्यांना घेऊ देत नाही. एकाच संघर्षात नेत्यासाठी ते निमित्त असू शकते आणि अनुयायासाठी कारण.

तुमच्या यादीत मानवशास्त्रज्ञ तलाल असद यांचेही नाव असेल. त्यांचा आक्षेप वेगळ्या जातीचा आहे. राजकारणापासून सुटा काढता येतो असा ‘धर्म’ ही कल्पनाच युरोपच्या विशिष्ट इतिहासातून आली, आणि तीच फूटपट्टी जगाला लावली जाते, असे ते म्हणतात. मी याच्याशी अर्धी सहमत आहे. काय धार्मिक आणि काय नाही हे ठरवण्याचा अधिकार कुणाकडे, हा स्वतःच राजकीय प्रश्न आहे आणि न्यायालये तो रोज सोडवत असतात. पण कल्पनाच मोडीत काढली तर तुलना करता येत नाही, आणि तुलनेशिवाय वरचे एकही उत्तर मिळाले नसते.

धर्मनिरपेक्षतेवरचे साहित्य तुम्हाला कदाचित एका प्रकरणापुरतेच लागेल. आल्फ्रेड स्टेपन यांनी २००० मध्ये दाखवले की लोकशाहीला धर्म आणि राज्य यांची पूर्ण फारकत लागत नाही. ब्रिटन आणि डेन्मार्कमध्ये अधिकृत चर्च आहेच. लागते ती दोन्हीकडची मर्यादा: धर्मसंस्थांनी निवडून आलेल्यांच्या निर्णयावर नकाराधिकार सांगू नये, आणि राज्याने श्रद्धाळूंना संघटित होण्यापासून रोखू नये. अहमत कुरू फ्रान्स आणि अमेरिका यांच्यातला फरक सांगतात. दोन्ही राज्ये धर्मापासून वेगळी, पण फ्रान्स २००४ मध्ये सरकारी शाळांतून ठळक धार्मिक चिन्हे हटवते आणि अमेरिका ती चालू देते. राजीव भार्गव यांची ‘तत्त्वनिष्ठ अंतर’ ही कल्पना भारताच्या अनुभवातून आली आहे: राज्य सर्व धर्मांपासून सारख्याच अंतरावर राहीलच असे नाही, पण जवळ किंवा दूर जाण्याचे कारण समता आणि स्वातंत्र्य हेच असले पाहिजे.

शेवटी श्रद्धेचा प्रश्न. जरूर करा हा अभ्यास. देव आहे की नाही हे राज्यशास्त्राच्या साधनांनी ठरत नाही, आणि ते ठरवण्याची गरजही नाही. श्रद्धाळू संशोधकाला आतल्या गोष्टी पटकन दिसतात: प्रवचनातला कोणता शब्द ऐकणाऱ्याला भिडतो, कोणता नुसता कानावरून जातो. नास्तिक संशोधकाला कधीकधी असे प्रश्न सुचतात जे आतल्या माणसाला विचारावेसेच वाटत नाहीत. दोघांनाही एकच अट: आपल्याला नकोसा पुरावा समोर आला तर तो छापायची तयारी हवी. आपल्या धर्माच्या बाबतीत ‘खरा धर्म असे शिकवत नाही’ आणि दुसऱ्याच्या बाबतीत ‘त्यांचा धर्मच तसा’ असे वाक्य तुमच्या मसुद्यात सापडले, तर ते प्रकरण पुन्हा लिहा.

कामाला लागताना कासानोव्हांचे पहिले प्रकरण वाचा, मग गिल आणि कॅलिव्हास शेजारी ठेवून, मग ग्झिमाला-बुसे. त्यानंतर विषय लहान करा. ‘धर्म आणि लोकशाही’ऐवजी दोन देश, किंवा एकाच देशातले दोन काळ, आणि एक संस्था. धर्मसंस्थेची पत्रके, तिच्या सभांचे ठराव, तिच्या शाळा-दवाखान्यांचे अहवाल हे साहित्य अनेकदा ग्रंथालयात पडून असते आणि कुणी उघडलेले नसते. मार्गदर्शकांना मसुदा देण्याआधी, ‘धर्मामुळे’ हा शब्द जिथे जिथे आला आहे तिथे पेन्सिलने खूण करा आणि त्या जागी श्रद्धा, संघटना, ओळख, सवय यांपैकी काय बसते ते लिहून पाहा. जिथे काहीच बसत नाही, तो परिच्छेद घेऊन मार्गदर्शकांशी बोला.